सेन्सर जोडला, पण लायब्ररी चालेना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या उद्यमनगर-शिरोलीतले शॉपवाले, दिवाळीनंतर गुऱ्हाळावर तापमान मोजू पाहणारे शेतकरी आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट गळ्याशी आलेली इंजिनिअरिंगची पोरं, या तिघांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. बोर्ड, म्हणजे छोटा कॉम्प्युटर, रास्पबेरी पाय (पुढं नुसतं "पाय") किंवा ऑरेंज पाय, भाषा पायथन आणि तक्रार एकच: "लायब्ररी सपोर्ट करत नाही." बहुतेक वेळा लायब्ररी, म्हणजे सेन्सर वाचायचा तयार कोड, बिचारी ठीकच असते, तिच्या खालचं काहीतरी बदललेलं असतं. कमांड आणि एररची नावं इथं बोलतो तशी देवनागरीत दिली आहेत.

गेल्या वर्षी चाललेला कोड नव्या कार्डावर का चालत नाही?

कारण नव्या मेमरी कार्डाबरोबर ऑपरेटिंग सिस्टीमही नवी आली. सेन्सरपासून स्क्रीनवरच्या आकड्यापर्यंत मधे बरीच मंडळी असतात: चिप, वायरिंग, कर्नल (सिस्टीमचा गाभा), पिना हाताळणारी लायब्ररी आणि सगळ्यात वर सेन्सरची लायब्ररी. बिघाड खाली असतो आणि बोंब वरून ऐकू येते, म्हणून शोध खालून वर घ्यायचा. आपली पोरं नेमकं उलटं करतात. आधी तीन लायब्ऱ्या बदलून बघतात आणि शेवटी जम्पर वायर हलवून बघतात.

सुरू करण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहा: बोर्डाचं नेमकं मॉडेल, सिस्टीमचं नाव (बुलसाय, बुकवर्म की ट्रिक्सी), ३२ बिट की ६४ बिट, आणि पायथनची आवृत्ती. निम्म्या प्रश्नांचं उत्तर या चार ओळींतच निघतं.

पिप इन्स्टॉल दिलं की "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" अशी एरर येते. कार्ड खराब आहे का?

कार्ड चांगलं आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रास्पबेरी पायची सिस्टीम बुकवर्मवर गेली आणि तेव्हापासून सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपने (पायथनच्या लायब्ऱ्या टाकणाऱ्या प्रोग्रामने) थेट काही घालायला बंदी आली. "ब्रेक सिस्टीम पॅकेजेस" हा पर्याय देऊन पुढं जाता येतं, पण त्याचं नाव उगाच तसं ठेवलेलं नाही.

सरळ मार्ग म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टपुरता वेगळा पायथन) करायचं. ते करतानाच "सिस्टीम साइट पॅकेजेस" हा पर्याय द्या, म्हणजे ॲप्टने (सिस्टीमच्या इन्स्टॉलरने) टाकलेली जीपीआयओची, म्हणजे बोर्डाच्या पिनांची, पॅकेजेस आतून दिसतात. हे विसरलं की "मॉड्यूल नॉट फाउंड" सुरू होतं.

त्यात आणखी एक मेख आहे. एन्व्हायर्नमेंट चालू करून पुढं ॲडमिनच्या हक्कानं, म्हणजे "सुडो पायथन" असं दिलं, की सुडो सिस्टीमचा पायथन उचलतो आणि तुमची लायब्ररी त्याला दिसतच नाही. सुडोची गरजच पडू देऊ नका. युजरला आयटूसी (सेन्सरशी दोन वायरींवर बोलायची बस), जीपीआयओ आणि डायलआउट या ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणारी सोय) किंवा सर्व्हिस फाइलमध्ये एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनचा पूर्ण पाथ लिहा.

पाय ४ वरचं कार्ड पाय ५ मध्ये घातलं. "कॅनॉट डिटरमाइन एसओसी पेरिफेरल बेस ॲड्रेस" असं येतंय.

पाय ५ वर पिना मुख्य प्रोसेसरच्या ताब्यात नाहीत, त्या आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपकडे आहेत. जुनी आरपीआय-जीपीआयओ लायब्ररी थेट प्रोसेसरच्या मेमरीत हात घालून पिना हलवायची. त्या पत्त्यावर आता काहीच नाही. पिगपायओची अडचणही हीच, तीही पाय ५ वर चालत नाही.

जुनं पॅकेज काढून आरपीआय-एलजीपीआयओ टाका. ते जुन्याच नावानं इम्पोर्ट होतं, त्यामुळं कोडला बहुधा हात लावावा लागत नाही. दोन्ही पॅकेजेस एकत्र ठेवू नका. नवा कोड लिहिणार असाल तर जीपीआयओ-झीरो बरी.

काही जणांचा कोड "जीपीआयओचिप ४" उघडतो आणि अपडेटनंतर गडबडतो. पाय ५ वर सुरुवातीच्या कर्नलमध्ये पिनांची चिप ४ नंबरवर होती, २०२४ मधल्या अपडेटनंतर ती शून्यावर आली. नंबर पाठ करण्यापेक्षा "पिनकंट्रोल-आरपी१" हे लेबल शोधा.

डीएचटी२२ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर कधी वाचतो, कधी नाही. ॲडाफ्रूट-डीएचटी तर इन्स्टॉलच होत नाही.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा बैजवार सांगतो.

ॲडाफ्रूट-डीएचटी हे पॅकेज कधीच निवृत्त झालंय. ते बोर्ड ओळखायला प्रोसेसरचं नाव बघतं आणि नवीन बोर्ड त्याला माहीत नाहीत. शिकवणीचे जुने व्हिडिओ अजून तेच दाखवतात, त्यामुळं दरवर्षी नवी बॅच त्याच खड्ड्यात. त्याच्या जागी सर्किटपायथन-डीएचटी आणि त्याखाली ब्लिंका (सर्किटपायथनच्या लायब्ऱ्या पायवर चालवणारा थर) वापरतात.

तरीही मधूनमधून रीडिंग चुकणारच, कारण या सेन्सरचा मुळातला स्वभावच तसा आहे. डीएचटी एकाच वायरवर ४० बिट पाठवतो. लाइन २६ ते २८ मायक्रोसेकंद वर राहिली तर तो शून्य, ७० राहिली तर एक. लिनक्स त्या क्षणी वायफायच्या किंवा डिस्कच्या कामात गुंतलं, तर बिट हुकतो, चेकसम (बिट नीट आले का हे तपासायची बेरीज) जुळत नाही आणि लायब्ररी हात वर करते. त्यात तिची चूक नाही. डीएचटी२२ ला दोन सेकंदांच्या आत पुन्हा विचारू नका, एरर आली तर ती सोडून पुढच्या रीडिंगला जा.

एक गंमत बघा. "आर्द्रता २ टक्के, तापमान १ अंश" असं दिसत असेल, तर सेन्सर डीएचटी२२ आहे आणि कोडमध्ये डीएचटी११ लिहिलंय. डीएचटी२२ ६५.२ टक्के हा आकडा ६५२ म्हणून दोन बाइटमध्ये पाठवतो, त्यातला वरचा बाइट २. तसंच २८.४ अंश म्हणजे २८४, वरचा बाइट १. डीएचटी११ ची लायब्ररी फक्त वरचा बाइट वाचते. कोल्हापुरात जुलैमध्ये २ टक्के आर्द्रता दिसली तर निदान शंका तरी यावी!

लायब्ररीचा नाद सोडायचा असेल तर कर्नलमध्येच डीएचटीचा ड्रायव्हर आहे. कॉन्फिग फाइलमध्ये डीएचटी११ चा ओव्हरले (काय जोडलंय हे कर्नलला सांगणारी तयार फाइल) आणि पिन नंबर लिहा. हाच ओव्हरले डीएचटी२२ लाही चालतो. तापमान आणि आर्द्रता साध्या फाइल म्हणून दिसतात, आकड्याला हजारानं भागायचं. बुकवर्मपासून कॉन्फिग फाइल बूटमधल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली आहे. जुन्या जागी बदल करून "काही फरक पडत नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात.

आणि इचलकरंजीच्या एखाद्या लूमशेडमध्ये दिवसरात्र आर्द्रता मोजायची असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: डीएचटी घेऊच नका. एसएचटी३१ सारखा आयटूसीवरचा सेन्सर घ्या. थोडे पैसे जास्त जातील, पण टायमिंगची कटकट मिटेल.

बीएमई२८० हा दाब, तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर घेतला, पण लायब्ररी म्हणते चिप सापडली नाही.

दोन शक्यता आहेत. पहिली पत्त्याची. हा सेन्सर आयटूसीच्या हेक्स (सोळाच्या पायावरच्या) ७६ किंवा ७७ या पत्त्यावर बसतो. ॲडाफ्रूटची लायब्ररी ७७ धरून चालते, तर बाजारातली स्वस्त मॉड्यूल बहुधा ७६ वर असतात. कोडमध्ये पत्ता लिहून द्या.

दुसरी शक्यता अशी की तो बीएमई नाहीच. बीएमपी२८० वर बीएमई असं छापून विकण्याचा प्रकार सर्रास चालतो. चिपलाच विचारा: हेक्स डी० या रजिस्टरमध्ये तिची ओळख असते. ६० आली तर बीएमई२८०, ५८ आली तर बीएमपी२८०, ५५ आली तर बीएमपी१८० आणि ६१ आली तर बीएमई६८०. बीएमपीला आर्द्रता कळतच नाही, तिला लायब्ररी बदलून काय होणार? मॉड्यूल परत करा.

हवेचा दाब ९४८ दाखवतोय आणि मोबाइलवर १०१०. कॅलिब्रेशन गेलंय का?

नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तिथं ९४५-९५० हेक्टोपास्कल हाच खरा दाब. मोबाइलचं ॲप तो समुद्रसपाटीवर आणून दाखवतं. पावसाळ्यात आकडा आणखी थोडा खाली जातो.

बसवरचे पत्ते शोधणारी आयटूसी-डिटेक्ट कमांड चालवली तर तक्ता रिकामा येतो. कधी "यूयू" दिसतं.

रिकामा असेल तर लायब्ररीचा विचारसुद्धा करू नका. आयटूसी चालू केलंय का, डेटा आणि क्लॉक उलटे लागलेत का, मॉड्यूलच्या पिना सोल्डर केल्यात का, हे बघा. पिना नुसत्या भोकात अडकवून "कनेक्ट केलंय" म्हणणारे दर आठवड्याला येतात. तक्त्यात सगळेच पत्ते भरलेले दिसले तर डेटा लाइन कुठंतरी खाली ओढली गेली आहे.

"यूयू" म्हणजे त्या पत्त्यावरचा सेन्सर कर्नलच्या ड्रायव्हरने ताब्यात घेतलाय. तुम्ही ओव्हरलेही लावला आणि वर पायथनची लायब्ररीही चालवली, तर "डिव्हाइस बिझी" येणारच. दोन्हींपैकी एक ठेवा.

एमपीयू६०५० हा हालचालीचा सेन्सर आणि घड्याळाची चिप एकत्र लावली की दोन्ही वेड्यासारखं करतात.

एमपीयू६०५० आणि घड्याळाची डीएस३२३१ दोघांचाही पत्ता हेक्स ६८. एका घर नंबरवर दोन बिऱ्हाडं असतील तर पोस्टमन काय करणार? एमपीयूची एडी० पिन ३.३ व्होल्टला जोडा, तो ६९ वर जातो. कोडमध्येही तो बदल करा.

गुऱ्हाळाच्या काहिलीत थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमान सेन्सर) लावलं. गुळव्या म्हणतो पाक तयार आहे, आणि स्क्रीनवर २३६ अंश!

इथं गुळव्यावर विश्वास ठेवा. गुळाचा पाक ११८ अंशांच्या आसपास उतरवतात आणि २३६ हे त्याच्या नेमके दुप्पट आहे. हा योगायोग नाही.

थर्मोकपलची दोन मॉड्यूल मिळतात, मॅक्स६६७५ आणि मॅक्स३१८५५. दिसायला आणि जोडायला जवळपास सारखी. पण ६६७५ एका वेळी १६ बिट पाठवते आणि त्यात तापमान १२ बिटांचं, तर ३१८५५ पाठवते ३२ बिट आणि तापमान १४ बिटांचं. ६६७५ चं मॉड्यूल ३१८५५ च्या लायब्ररीनं वाचलं की बायनरी आकडा एक घर डावीकडं सरकतो, म्हणजे दुप्पट होतो. उलट केलं तर निम्मा. लायब्ररी कधी फॉल्ट दाखवते, कधी गुपचूप चुकीचा आकडा देते, आणि हे दुसरं जास्त वाईट. चिपवरचं नाव भिंगातून वाचा, विकणाऱ्याच्या पावतीवर जाऊ नका.

आणखी दोन गोष्टी. ६६७५ ला एका रूपांतरणासाठी ०.२२ सेकंदांपर्यंत वेळ लागतो. त्याआधीच पुन्हा विचारलं तर चालू असलेलं रूपांतरण थांबतं आणि तोच जुना आकडा परत परत येतो. लोकांना वाटतं सेन्सर अडकला. आणि ३१८५५ "शॉर्ट टू ग्राउंड" म्हणत असेल, तर प्रोबचं टोक बाहेरच्या धातूच्या नळीला आतून जोडलेलं असण्याची शक्यता मोठी. काहिलीच्या लोखंडातून ते ग्राउंड होतं. त्या चिपला इन्सुलेटेड टोकाचा प्रोब लागतो.

फौंड्रीवाल्यांसाठी: कोअर ओव्हन किंवा टेम्परिंगच्या भट्टीला के टाइप थर्मोकपल चालतो. वितळलेल्या लोखंडात तो बुडवायचा नाही. तिथलं तापमान १४०० अंशांच्या आसपास असतं, त्यासाठी प्लॅटिनमच्या थर्मोकपलची बुडवायची टोकं वेगळी मिळतात.

विहिरीची पातळी अल्ट्रासॉनिकने मोजतोय, आकडा नाचतो.

आवाजाला एक सेंटीमीटर जाऊन यायला सुमारे ५८ मायक्रोसेकंद लागतात. लिनक्सने तेवढा वेळ दुसरीकडं लक्ष दिलं की सेंटीमीटरची चूक झाली. एचएक्स७११ या वजनाच्या चिपचंही तसंच: क्लॉकची लाइन ६० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वर राहिली तर ती झोपी जाते.

ज्या सेन्सरचा जीव मायक्रोसेकंदांत आहे, तो पायला लावू नये. शेजारी पिको किंवा अर्डुइनो असा एक मायक्रोकंट्रोलर ठेवा, मोजायचं काम त्याच्याकडं द्या आणि तयार आकडा सिरियलवरून पायला घ्या. यात लायब्ररीचे निम्मे वाद संपतात.

एचसी-एसआर०४ या अल्ट्रासॉनिक सेन्सरची इको पिन ५ व्होल्ट देते आणि पायच्या पिनेला ३.३ च्या वर चालत नाही. एक आणि दोन किलोओमचा डिव्हायडर लावा. तापमानाची दुरुस्तीही करा. हवेचं तापमान दर अंशानं वाढलं की आवाजाचा वेग सेकंदाला ०.६ मीटरनं वाढतो. २० आणि ३५ अंशांमधला फरक पाच मीटर खोलीला सुमारे १३ सेंटीमीटर होतो. पंचगंगेची पातळी मोजायचं दर पावसाळ्यात कोणीतरी मनावर घेतं. शिकायला जरूर करा, पण राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी आली की नाही, हे सरकारी आकड्यावरूनच ठरवा.

मातीचा ओलावा किंवा गॅसचा एमक्यू सेन्सर पायला कसा जोडू?

थेट नाही. रास्पबेरी पायला ॲनालॉग पिनच नाही. व्होल्टेजचा आकडा करून देणारी एडीएस१११५ किंवा एमसीपी३००८ ही चिप मधे लावा. मॉड्यूलवरची "डी०" पिन फक्त हो-नाही सांगते.

"मॉड्यूल बोर्डमध्ये डी४ नाही" असं येतं.

तुम्ही पिपने "बोर्ड" नावाचं पॅकेज टाकलंत. ते कुणाचं तरी वेगळंच आहे. ते काढा आणि ॲडाफ्रूट-ब्लिंका टाका, खरा बोर्ड त्यातून येतो. "सिरियल" आणि "पायसिरियल" यांचंही हेच, हवं ते दुसरं. शिवाय स्वतःच्या फाइलला बोर्ड, सिरियल, एसएमबस अशी नावं देऊ नका. पायथन आधी तुमचीच फाइल इम्पोर्ट करतो.

ऑरेंज पायवर रास्पबेरीचा कोड चालेल का?

४० पिनांची पट्टी तशीच दिसते, पॉवर आणि ग्राउंडच्या जागाही बहुधा जुळतात. पण पिनांमागचे नंबर वेगळे आणि आयटूसीच्या बसचा नंबरही वेगळा, १ ऐवजी ० किंवा ३ वगैरे. आधी आयटूसी-डिटेक्टला बसांची यादी मागा. आर्मबियन या सिस्टीममध्ये ओव्हरले त्यांच्या कॉन्फिग मेनूतून चालू करावा लागतो.

अशा बोर्डांवर मी शक्य तिथं कर्नलचा ड्रायव्हर वापरायला सांगतो. बीएमई२८०, डीएचटी आणि तापमानाचा डीएस१८बी२० या सगळ्यांचे ड्रायव्हर लिनक्समध्येच आहेत. ते चालू केले की बोर्ड कुठलाही असो, फाइल वाचायची पद्धत तीच. डीएस१८बी२० ला मात्र ४.७ किलोओमचा पुल-अप रेझिस्टर विसरू नका. आणि तो ८५ अंश दाखवत असेल तर ते तापमान नव्हे, ती पॉवर आल्यावरची मूळ किंमत आहे. बहुधा मोजमाप पूर्ण व्हायच्या आत पॉवर ढासळली.

पिनांच्या जीपीआयओडी लायब्ररीत "गेट लाइन" सापडत नाही.

आवृत्ती एक आणि दोन यांचा पायथन इंटरफेस पूर्ण वेगळा आहे. बुकवर्मच्या ॲप्टमधून एक येते, ट्रिक्सीतून आणि पिपमधून दोन. दोनमध्ये "रिक्वेस्ट लाइन्स" वापरतात. कोडची जुळवाजुळव करण्यापेक्षा कुठली आवृत्ती आली ते आधी छापून बघा.

"राँग ईएलएफ क्लास" म्हणजे काय?

३२ बिटची तयार फाइल ६४ बिटच्या पायथनमध्ये घालताय, किंवा उलट. युनेम कमांडवर भरवसा नको. कर्नल ६४ आणि बाकी सिस्टीम ३२ असं पाय ४ वर सर्रास असतं. "गेटकॉन्फ लाँग-बिट" खरं सांगतं.

शॉपमधला एनर्जी मीटर आरएस४८५ (लांब वायरीवरची सिरियल जोडणी) वरून वाचायचाय. पाय ४ वर जमलं, ५ वर नाही.

पाय ५ वर "सिरियल०" हे नाव डीबगच्या वेगळ्या सॉकेटकडं जातं. पट्टीवरच्या १४-१५ पिनांसाठी यूआर्ट० चालू करा आणि टीटीवाय-एएमए० उघडा. मीटर वाचायला पायमॉडबस ही लायब्ररी वापरत असाल तर मीटरचा नंबर द्यायच्या शब्दाकडं बघा: आधी "युनिट" होता, मग "स्लेव्ह" झाला, आता "डिव्हाइस आयडी". आवृत्ती बदलली की "अनएक्स्पेक्टेड आर्ग्युमेंट" येतं ते यामुळं. दोन-चार रजिस्टर वाचायची असतील तर मिनिमलमॉडबस पुरते.

शेजारी वेल्डिंग सुरू झालं की "एरर १२१" येते.

१२१ म्हणजे रिमोट आयओ एरर, सेन्सरने हाकेला ओ दिली नाही. आयटूसी ही एका बोर्डावरच्या चिपांनी आपसांत बोलायची सोय आहे, शॉपच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वायर न्यायला नाही. लांब न्यायचं तर आरएस४८५ चा सेन्सर घ्या. वेल्डिंग नसतानाही येत असेल, तर व्हीसीजेनकमांड या कमांडला थ्रॉटलिंग (पॉवर कमी पडून वेग घटला का) विचारून बघा. शून्याखेरीज काही आलं तर आधी ॲडॉप्टर बदला. बीएनओ०५५ किंवा एससीडी३० हा सेन्सर असेल आणि बोर्ड पाय ४ किंवा त्याआधीचा, तर कारण वेगळं: त्या बोर्डांच्या आयटूसीला क्लॉक स्ट्रेचिंग (सेन्सरने क्लॉक रोखून धरणं) नीट झेपत नाही. वेग १०,००० वर आणा किंवा सॉफ्टवेअर आयटूसीचा ओव्हरले लावा.

आता सगळं चालतंय. अपडेट करू का?

हंगाम चालू असताना नाही. पिप फ्रीझची यादी (टाकलेल्या लायब्ऱ्या आणि त्यांच्या आवृत्त्या) फाइलमध्ये ठेवा, कार्डाची इमेज काढून दुसऱ्या कार्डावर लिहा, आणि अपडेट त्या दुसऱ्या कार्डावर करून बघा.